फेल्टचा तारा दाढेखाली धरून ओढणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर प्रणाम.

हे पत्र मी चारचौघांत लिहीत आहे, कारण समोर येऊन आभार मानू लागले की तुम्ही लगेच मुलीच्या खोकल्याची चौकशी सुरू करता आणि माझे बोलणे राहून जाते. फेल्टचे नाताळचे झाड भिंतीवर लागून आज आठ दिवस झाले. मुलगी रोज सकाळी उठल्या उठल्या घंटा, मेणबत्ती, देवदूत आणि तारा एकेक करून उतरवते, जमिनीवर रांगेने मांडते आणि पुन्हा झाडावर लावते. हे बघताना मला अजूनही भरून येते.

मागच्या नाताळात झाडावरचा काचेचा गोळा तिच्या मुठीत फुटला होता. जखम किरकोळ होती, पण त्यानंतर झाड उतरवेपर्यंत ती त्याच्यासमोर उभी राहून स्वतःलाच ‘हात नाही’ असे बजावत असे, आणि ते ऐकणे मला जखमेपेक्षा जड गेले. म्हणून यंदा हात लावण्यासाठीच असलेले झाड करायचे मी ठरवले. फेल्ट निवडले, कारण ते विणलेले नसते; लोकरीचे तंतू ओले करून, दाबून एकमेकांत गुंतवलेले असतात, त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत आणि कड दुमडण्याची खटपट करावी लागत नाही. एवढे ज्ञान मला होते. टाका मात्र धड येत नव्हता.

तुमच्याकडे येण्याआधी मी ज्यांच्याकडे गेले त्यांची नावे मी घेणार नाही, परंतु त्यांच्याविषयी गप्पही बसणार नाही. एका शिवणकाम करणाऱ्या गृहस्थांनी कापड तीन आठवडे ठेवून घेतले आणि दागिन्यांवर टिकल्या व मणी गोंदाने चिकटवून परत दिले. मागे चिकट पाठीचे व्हेल्क्रो लावले होते, ते दुसऱ्याच दिवशी फेल्टची लव घेऊन सुटून आले. मूल अडीच वर्षांचे आहे, सगळे तोंडात घालते, असे मी म्हणाले तेव्हा ‘मग वर टांगा, हात पोचणार नाही असे’ हे उत्तर मिळाले. हस्तकला शिकवणाऱ्या एका बाईंनी तर इतक्या लहान मुलाला यातले काय कळते, असे मलाच विचारले. दोघांचेही हात माझ्यापेक्षा शंभरपटींनी तयार होते, याचाच राग अधिक आला.

तुम्ही काहीच विचारले नाहीत. मी शिवलेला वाकडातिकडा पिवळा तारा, ज्याच्या मधोमध मी लाल फेल्टचा गोल लावला होता, तुम्ही उलटसुलट करून पाहिलात आणि सरळ तोंडात घातलात. मी दचकले. तुम्ही त्याचे एक टोक दाढेखाली धरलेत, डोळे मिटलेत, आणि दुसरे टोक दोन्ही हातांनी ओढलेत, अगदी हट्टाला पेटलेल्या मुलासारखे. माझी गाठ सुटली. चार टाके उसवले. मग पांढऱ्या रुमालाने तुम्ही ओठ पुसलेत, तर रुमालावर गुलाबी डाग उमटला. तो तुम्ही क्षणभर निरखलात आणि एक शब्दही न बोलता कातरीने लाल गोल काढून बाजूला टाकलात.

पुढचे शिवणकाम मी सविस्तर सांगत बसत नाही. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवून दोरा दोनदा परत मागे नेणे, काजटाके इतके जवळ घालणे की मुलाचे नख त्यांत शिरणार नाही, आणि शिवायच्या व्हेल्क्रोचे कोपरे गोल कापणे, कारण टोकदार कोपरा नाजूक बोटांना ओरखडतो, हे सारे तुम्ही बोलता बोलता करून दाखवलेत. प्रत्येक दागिना तिच्या मुठीपेक्षा मोठा असावा, एवढा एकच हट्ट तुम्ही धरलात. नंतर मी कुतूहलाने वाचले, तेव्हा कळले की खेळण्यांच्या तपासणीसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक छोटे नळकांडे वापरतात, आणि त्यात जो सुटा भाग पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात चालत नाही. युरोपातल्या ईएन ७१ या मानकात पकडता येण्याजोगा भाग ९० न्यूटनपर्यंतच्या, म्हणजे साधारण नऊ किलो वजनाइतक्या, जोराने ओढून पाहतात. त्यासाठी प्रयोगशाळेत यंत्र असते. तुम्ही दाढेवर भागवलेत.

काकू, मला नीट शिवणारी माणसे यापूर्वीही भेटली होती. पण शिवताना समोर नसलेल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवणारे, त्याच्या दातांचा, लाळेचा आणि हट्टाचा विचार करणारे कोणी भेटले नव्हते. भलेपणा म्हणजे गोड बोलणे, असे मी इतकी वर्षे समजत आले. तुम्ही त्या दिवशी फारसे बोललाही नाहीत, उलट माझ्या गाठीला ‘ही गाठ नव्हे, आशा आहे’ असे म्हणालात. (ते मला लागले होते, पण खरे होते.)

आता ताऱ्याच्या एका टोकावर बारीक दातांच्या खुणा आहेत आणि एकही टाका हललेला नाही. तुमचा रुमाल त्या दिवशी चुकून माझ्या पिशवीत आला. मी तो दोनदा धुतला, तरी गुलाबी डाग जात नाही. रविवारी तसाच घेऊन येते. मुलीलाही आणते, आणि तिने तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेली घंटाही.

आपली कृतज्ञ,
अडीच वर्षांच्या मुलीची आई