हद्दींचा एकच नकाशा लोकांपुढे ठेवा: मा. नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हद्दी आणि त्यांच्या आतले विभाग यांविषयी हे पत्र लिहीत आहे. राज्यात ३६ जिल्हे आणि ६ महसुली विभाग आहेत, एवढे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याखाली उतरले, की मात्र रेषा एकमेकींना छेदू लागतात. गावातल्या एकाच घराचा तलाठी सजा (एका तलाठ्याचे कार्यक्षेत्र), महसूल मंडळ, ग्रामपंचायतीचा प्रभाग, पंचायत समितीचा गण आणि जिल्हा परिषदेचा गट (हे दोन्ही निवडणुकीचे मतदारसंघ) आणि पोलीस ठाण्याची हद्द वेगवेगळी ठरते. शहरात निवडणुकीचा प्रभाग आणि क्षेत्रीय कार्यालय यांची भर पडते. प्रत्येक कामाची गरज वेगळी असल्याने रेषा अनेक असणारच, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र या सगळ्या रेषा एकत्र पाहता येतील असा अधिकृत नकाशा सामान्य नागरिकाच्या हाती नाही, आणि त्याची झळ त्यालाच बसते.

हद्दवाढीच्या वेळी हे सर्वांत तीव्रतेने जाणवते. कल्याण-डोंबिवली महापालिकेतून २००२ मध्ये वगळलेली २७ गावे २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्या २३ गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली, म्हणजे कर महापालिकेचा आणि आराखडा दुसऱ्या संस्थेचा. पहिल्या ११ पैकी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे पुढे २०२४ मध्ये वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. या निर्णयांमागची कारणे योग्य असतीलही. परंतु दर बदलाबरोबर पाणीयोजना, दिवाबत्ती, बांधकाम परवानग्या आणि करआकारणीचे कागद एका कार्यालयातून दुसऱ्याकडे जातात, आणि मधल्या काळात जबाबदार कोण हे कोणीच लेखी सांगत नाही.

प्रभागरचनेच्या अधिसूचनेकडेही आपले लक्ष वेधावेसे वाटते. तीत सीमा उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा क्रमाने शब्दांत वर्णिलेली असते: अमुक नाल्याने अमुक पुलापर्यंत, तिथून रस्त्याने अमुक चौकापर्यंत. जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेले छोटे भाग, जोडून प्रभाग तयार होतात, त्यामुळे लोकसंख्येचे गणित जुळते; पण वाचणाऱ्याला आपली गल्ली कुठे गेली हे कळत नाही. शिवाय सीमा रस्त्याने जाते तेव्हा तो रस्ता नेमका कोणाकडे राहतो? नाला सीमेवर असेल, तर दोन्ही काठांवरचे लोक पावसाळ्यापूर्वी दोन कार्यालयांच्या फेऱ्या मारतात आणि दोन्हीकडून त्यांना तेच उत्तर मिळते, की तो भाग आमच्याकडे येत नाही. हरकती आणि सूचनांसाठी मुदत दिली जाते हे खरे, पण ज्याला सीमाच उमगली नाही त्याने हरकत कशावर घ्यावी?

आपल्याकडे मागणी अशी आहे. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर सातबाऱ्यावरील गट क्रमांकानुसार जमिनीचे नकाशे आजही पाहता येतात. त्याच नकाशावर ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका, प्रभाग, गट-गण, नियोजन प्राधिकरण आणि पोलीस ठाणे यांच्या सीमा वेगवेगळ्या थरांनी चढवाव्यात, आणि नागरिकाने गट क्रमांक किंवा पत्ता टाकताच प्रत्येक कामासाठी कोणते कार्यालय हे मराठीत दिसावे. यासाठी ग्रामविकास, महसूल आणि गृह विभागांना एकत्र बसवावे लागेल, आणि ते काम मंत्रालय पातळीवरूनच होऊ शकते. सीमेवरचा रस्ता आणि नाला यांची देखभाल कोणत्या बाजूने करायची, हे प्रत्येक अधिसूचनेत स्पष्ट नमूद करावे. हद्द बदलल्यास हस्तांतराची तारीख, दप्तर कोणाकडून कोणाकडे गेले आणि तोपर्यंत सेवा कोणी द्यायची, हे त्याच आदेशात यावे. यातली शेवटची बाब सर्वांत तातडीची आहे. नकाशाला वेळ लागेल, पण आदेशात चार ओळी वाढवण्यास तो लागू नये.

नवी जनगणना होऊ घातली आहे आणि तिच्या आकड्यांवर पुढची प्रभागरचना उभी राहील. त्याआधी हे काम हाती घ्यावे, अशी कळकळीची विनंती.

आपला,
एक नागरिक