विषय : पानो लेफ्करातला कबूल केलेला मुक्काम न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी तुमच्या माणसाने माझं बोलणं चालू असताना फोन ठेवला. तो सातवा फोन होता. म्हणून हे पत्र.

सायप्रसमधल्या पानो लेफ्करा या गावात सहा रात्री, अंगणाच्या दगडी घरात, असं तुमच्याच सहलीच्या कागदावर छापलेलं आहे. मी आणि माझी थोरली बहीण तेवढ्यासाठीच आलो. आम्ही दोघी चाळीस वर्षं भरतकाम करतो. तिथल्या बायका लिननमधले धागे कापून, ओढून जे जाळीकाम, म्हणजे लेस, करतात, ते २००९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. दारात खुर्ची टाकून बसणाऱ्या त्या बायकांजवळ रोज सकाळी बसायचं, दुपारी गाव निजलं की आपणही पडायचं, एखादा टाका हाताला बसला तर बसला. एवढंच हवं होतं.

तुम्ही आम्हाला ठेवलंत आया नापाला, समुद्रकाठच्या नाइटक्लबांच्या गावात. खाली डिस्को, पहाटे तीनपर्यंत ढणढणाट. लेफ्कराला नेलंत चौथ्या दिवशी, चाळीस मिनिटं! त्यातली दहा मिनिटं गाइडने दुकानासमोर उभं करून लिओनार्दो दा विंची इथून लेस घेऊन गेला, ही दंतकथा सांगितली. ताईचे गुडघे दुखतात. तरी ती चढाच्या गल्लीतून एका आजीपाशी पोचली. आजीने खुणेने शेजारी बसवलं, मांडीवरच्या उशीवरचं काम दाखवायला घेतलं, आणि बसचा हॉर्न वाजला.

आता कालचं. मुक्काम का बदलला, विचारलं. "मॅडम, अपग्रेड केलंय. फोर स्टार दिलंय." मी म्हटलं, मी गाव मागितलं होतं. तो हसला. "त्या गावात बघण्यासारखं काय आहे? सीनियर सिटिझन तुम्ही, कंटाळला असतात." मला बघायचं नव्हतं, राहायचं होतं, असं म्हटल्यावर, "मग बुकिंगच्या वेळी तसं लिहायला हवं होतं." अहो, ते तुम्हीच लिहिलंय, पान दोनवर! हे सांगेपर्यंत तो शेजारच्या कुणाला म्हणाला, "त्या लेसवाल्या मॅडम आहेत," आणि फोन बंद. हे काम मला आईने शिकवलं. त्याचा असा उल्लेख मी ऐकून घेणार नाही.

तुमच्याबरोबर ही आमची चौथी सहल. केरळात हाउसबोट बिघडली तेव्हा तुमच्या माणसाने रात्री अकराला दुसरी उभी केली होती. त्या विश्वासावर पैसे भरले. सहा रात्रींच्या जागी चाळीस मिनिटं मिळाली.

सहा रात्रींच्या मुक्कामाचे पैसे परत हवेत आणि ताईच्या नावे लेखी माफी हवी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, हे मला ठाऊक आहे.

ताई अडुसष्ट वर्षांची आहे. तो चढ ती पुन्हा चढू शकणार नाही.

सोबत : पान दोनची छायाप्रत. ओळीखाली रेघ मारली आहे.