आईच्या त्या शुक्रवारसाठी, आपल्या पॅरिशचं (चर्चच्या स्थानिक मंडळीचं) काम बघणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तुम्हाला फोनवर थँक्यू म्हणालो होतो पण ते मला पुरेसं वाटत नाहीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. भुसावळमधल्या आपल्या लोकांनी वाचावं, आणि उद्या कुणावर अशी वेळ आली तर त्यांनाही कळावं की काय काय असतं.

आई गेली पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पहाटे. घरीच. डॉक्टरांनी येऊन कागद लिहून दिला आणि मी सात वाजता तुम्हाला फोन केला, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) किती वाजता ठेवायची विचारायला. तुम्ही म्हणालात, "भाऊ, आज, उद्या आणि परवा अंत्यविधीची मिस्सा होत नसते." मी किती वाईट बोललो तुम्हाला. जी बाई चाळीस वर्षं दर रविवारी चर्चला आली तिला तुम्ही मिस्सा नाही म्हणता, वगैरे वगैरे. तुम्ही मध्ये एकदाही तोडलं नाही, मी थांबल्यावर फक्त म्हणालात, "ऐकून राहिला ना? मी घरी येतो, तिथं बोलू." आणि अर्ध्या तासात सायकलवर आलात, एप्रिलच्या त्या उन्हात.

मग तुम्ही समजावलं की हा नियम आपल्या पॅरिशचा नाही, सगळ्या कॅथोलिक चर्चचा आहे, कारण गुरुवार संध्याकाळपासून ईस्टरपर्यंत चर्च स्वतःच येशूच्या मरणाजवळ बसलेलं असतं. पण दफन थांबत नाही. वाचनं, प्रार्थना, पवित्र पाणी, धूप, फादरांचा आशीर्वाद, सगळं होतं, फक्त मिस्सा नंतर ठेवायची. ईस्टरच्या सोमवारी ठेवता येते. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला काका.

कागदपत्रांच्या आधी तुम्ही मला विचारलं, "आईला कोणतं गीत आवडायचं?" मला ते सांगताच आलं नाही, शेजारच्या पाटील काकूंनी सांगितलं! त्यांना माहीत होतं कारण आई भांडी घासताना तेच म्हणायची. मग बायबलमधलं स्तोत्र 23 आणि योहानाचा 14 वा अध्याय आपण दोघांनी मिळून निवडला. पित्याच्या घरी राहायला पुष्कळ जागा आहेत, ही ओळ तुम्ही वाचली आणि मला आई आठवली, रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत आम्हा सहा जणांना सांभाळणारी, दर बदलीला सामान बांधणारी. ते वाचन मीच करावं असं तुम्ही म्हणालात. मी घाबरलो होतो, तुम्ही रात्री रोझरीनंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. दादा कुवेतहून मुंबईत उतरून रात्रीच्या गाडीनं यायचा होता त्यामुळे फ्रीजर बॉक्स लागणार, तोही तुम्हीच बोलावला, आणि सुताराला पेटीचं माप दिलं.

गुड फ्रायडेच्या सकाळी चर्चमध्ये गेलो तर वेदी पूर्ण उघडी, कापड नाही, फुलं नाहीत. घंटा पण नाही वाजली. आपल्याकडे माणूस गेला की घंटा वाजते आणि आईच्या वेळी नाही हे मला फार लागलं होतं, पण तुम्ही पेटीवर पांढरं कापड टाकलं, म्हणालात बाप्तिस्म्याला पांढरा झगा घालतात तसंच हे, आणि वाद्य न वाजवता आईचं गीत सुरू केलं, तुमचा आवाज थोडा फाटत होता. सगळे म्हणू लागले. पाटील काकूसुद्धा, शब्द सगळे पाठ त्यांना.

आपली काळी माती एप्रिलमध्ये दगडासारखी होते. तुम्ही आदल्या संध्याकाळीच जागेवर पाणी मारून ठेवायला सांगितलं होतं हे मला नंतर खोदणाऱ्या पोरांनी सांगितलं. तुम्ही बोलला नाहीत.

सोमवारच्या मिस्सेला शनिवारी रात्री पेटवलेली नवी पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती होती, उंच, पाच धुपाचे खडे लावलेली, तिच्याजवळ तुम्ही आईचा फोटो ठेवलात. मिस्सा झाल्यावर घंटा वाजली तेव्हा दादा रडला, त्याआधी रडला नव्हता.

नंतर ऑफिसमध्ये तुम्ही आईची नोंद लिहिलीत आणि तिच्या लग्नाचं जुनं पान दाखवलंत, त्यावर पुणे धर्मप्रांत (बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) लिहिलेलं, नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला 1987 ला त्याच्या आधीचं. तिची सही किती वळणदार होती! नगरपालिकेत 21 दिवसांच्या आत नोंद करायची हेही तुम्ही आठवण करून दिलं नसतं तर आम्ही विसरलोच असतो.

काका, त्या फोनची मनापासून माफी मागतो. 2 नोव्हेंबरला कबरींच्या आशीर्वादाला आम्ही दोघं भाऊ येतोय, रजेचा अर्ज टाकलाय. कबरीपाशी उचललेलं ते पांढरं कापड गडबडीत आमच्या पिशवीत आलं होतं, बायकोनं धुवून इस्त्री केलंय. एका कोपऱ्याला मातीचा हलका डाग राहिलाय, निघाला नाही. येताना घेऊन येतो.

तुमचाच,
क्वार्टरमधला धाकटा