गोळी मनाने बंद करू नकोस

वेंगुर्ला,
नारळी पौर्णिमा

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. अंगावर पित्त उठतंय, छातीत धडधडतंय, म्हणून थायरॉईडची गोळीच बंद केलीस हे वाचलं आणि जीव खालीवर झाला. बाकीची कामं ठेवून आधी तुला लिहायला बसले.

मंगल, धडधड आणि पित्त यांची एकत्र मोट बांधू नकोस. आपली थायरॉईड ग्रंथी एरवी जे थायरॉक्सिन बनवते तेच गोळीत असतं, त्यामुळे त्या औषधाचीच अ‍ॅलर्जी फार क्वचित होते. पण डोस जास्त झाला की धडधड, हाताला कंप, घाम, जुलाब, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, असं सुरू होतं. तुझा डोस मे महिन्यात वाढवला होता ना? मग टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं रक्तातलं संप्रेरक, तपासलंस का? डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी ते बघायचं असतं. जास्त डोस बरेच दिवस चालू राहिला तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आपल्या वयाला ते परवडणारं नाही. केस गळतायत म्हणालीस, ते सुरुवातीचे काही महिने होतं, बहुतेकींचं थांबतं.

आता पित्ताचं. गोळीत औषध अगदी कणभर, मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकं. बाकी लॅक्टोज, स्टार्च, कधी डिंक, आणि डोस ओळखता यावा म्हणून घातलेला रंग. अ‍ॅलर्जी असलीच तर बहुधा यातल्या कशाची तरी. माझ्या गोळीची कंपनी बदलली तेव्हा दंडावर, पोटावर रुपयाएवढ्या लालभडक गांध्या उठायच्या. सासूबाई आमसुलं भिजत घालून ते पाणी चोळायच्या, खाज तेवढ्यापुरती थांबायची. त्यांनी दोष बांगड्याला दिला. बांगडा बंद केला तरी गांध्या येतच राहिल्या. शेवटी डॉक्टरांनी बाटलीच मागवली, लेबलवरचं रंगाचं नाव वाचलं आणि बिनरंगाची गोळी लिहून दिली. मग हळूहळू अंग स्वच्छ झालं. तुझंही तसंच असेल असं नाही हं. हाशिमोटो, म्हणजे शरीर आपल्याच थायरॉईडवर उलटतं तो आजार, असलेल्यांना नुसत्या त्या आजारामुळेही पित्त उठतं. म्हणून आत्ताची आणि आधीची, दोन्ही बाटल्या घेऊन जा.

बंद केल्यावर बरं वाटतंय म्हणतेस, पण त्यावर जाऊ नकोस. हे औषध रक्तात निम्म्यावर यायलाच साधारण 7 दिवस लागतात. खरा त्रास नंतर सुरू होतो: अंग जड, चेहऱ्यावर सूज, बद्धकोष्ठ, भर उकाड्यात थंडी.

आणि सकाळची पेज, चहा गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने घे. कॅल्शियम नि लोहाच्या गोळ्या 4 तासांनी, नाहीतर ही गोळी अंगी लागत नाही, टीएसएच वाढतं, आणि डॉक्टर उगाच डोस वाढवत बसतात. बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवू नकोस, पावसाळ्यात झाकण घट्ट लाव.

ओठ, जीभ सुजली किंवा श्वास घ्यायला जड गेलं तर मात्र आमसूल नको नि वाट बघणंही नको, भाऊजींना सांगून त्याच क्षणी दवाखाना गाठ. तसं नसलं तरी या आठवड्यात डॉक्टरांना दाखवच, आणि काय म्हणाले ते मला फोन करून सांग. वाट बघते.

तुझीच,
सुनंदा