तलावात यंत्रे टाकण्याआधी तळ मोजा

महोदय,

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या तलावांतून, म्हणजे लगूनमधून, बाहेर पडणारे पाणी मानकांत बसेनासे झाले की चर्चा लगेच दोन उपायांवर येऊन थांबते: आणखी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) बसवा, नाहीतर जिवाणूंची पावडर टाका. यांवर पैसा खर्च करण्याआधी काही मोजमापे झालीच पाहिजेत, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. लगूनमधला बिघाड महिनोन्‌महिने साचत जातो. तो बाहेरच्या पाण्यात दिसू लागतो तेव्हा त्याचे मूळ बहुधा तळाच्या गाळात किंवा प्रवाहाच्या वाटेत सापडते.

सुरुवात प्रयोगशाळेत व्हावी. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या एकाच नमुन्याचा बीओडी (घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचे माप) तीन तऱ्हांनी काढावा: जसाच्या तसा, गाळून, आणि नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचे नायट्रेट करणे) रोखणारे रसायन घालून. गाळलेल्या पाण्याचाही बीओडी जास्त आला, तर विरघळलेली घाण पुरती संपत नाही; वेळ किंवा ऑक्सिजन कमी पडतो आहे, नाहीतर तळातला गाळ पाण्यात झिरपतो आहे. गाळल्यावर आकडा एकदम खाली आला, तर दोष कणांचा. ते कण शेवाळाचे की उसळलेल्या गाळाचे, हे सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळते. रसायन घातल्यावर आकडा बराच उतरला, तर बाटलीतला ऑक्सिजन अमोनिया खात होता. तीन वेगळी दुखणी आहेत, आणि एरेटर त्यांतल्या काहींवरच चालतो.

मग गाळ मोजावा. तळाशी झडप असलेली पारदर्शक नळी उत्तम. ती नसेल तर लांब काठीला पांढरा टॉवेल गुंडाळून ती सावकाश तळापर्यंत उभी सोडावी आणि तशीच वर काढावी. टॉवेलवर काळा थर जिथवर चिकटतो तिथवर गाळ. नावेत दोघे असावेत, अंगात जीवरक्षक जॅकेट असावे. तलावावर चौकटी आखून प्रत्येक छेदावर माप घ्यावे, कारण आवक पाइपाजवळ गाळाचा ढिगारा आणि लांबच्या कोपऱ्यात जेमतेम थर असे सर्रास असते. काठावरून घेतलेल्या एका मापाचा उपयोग नाही.

हिशेब सोपा आहे. १०,००० घनमीटरच्या तलावात रोज १,००० घनमीटर पाणी येते, म्हणजे कागदावर मुक्काम १० दिवसांचा. खोली दीड मीटर असून सरासरी अर्धा मीटर गाळ साचला, तर एक तृतीयांश जागा गेली आणि मुक्काम पावणेसात दिवसांच्या आत आला. शिवाय ऊन तापले की तळातला गाळ जोमाने कुजतो आणि अमोनिया, फॉस्फरस, विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये वर सोडतो. आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेरच्या पाण्यात अमोनिया जास्त निघतो, तो यामुळेच. गाळ एक तृतीयांश खोलीपर्यंत पोचण्याआधी उपसण्याची तयारी असावी. उपसताना एक तलाव बाजूला काढून बाकीच्यांवर काम चालवावे. गाळ निथळून निघालेले पाणी अमोनियाने भरलेले असते. ते एकदम परत सोडले तर पुढचे सगळे तलाव बिघडतात, म्हणून थोडे थोडे सोडावे. तळाला अस्तर असेल तर त्यावर यंत्र उतरवू नये.

आता प्रवाहाची वाट. गाळ नसतानाही पाणी दहा दिवस थांबेलच असे नाही. आवक आणि जावक समोरासमोर असतील, किंवा वारा आवकेकडून जावकेकडे वाहत असेल, तर बरेचसे पाणी सरळ रेषेत निघून जाते आणि कोपऱ्यांतले नुसते पडून राहते. आवकेला रोडामाइनचा रंग सोडून जावकेवर ठराविक तासांनी नमुने घेतले की हे आकड्यांत दिसते. रंगाचा पहिला मोठा लोंढा दुसऱ्याच दिवशी आला, तर उरलेला तलाव जवळजवळ बिनकामाचा आहे. सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे आवक पाइपाला कोपर जोडून त्याचे तोंड जावकेपासून वळवणे. त्याने भागले नाही तर पडदे लावावेत: रुंदीच्या साधारण ७० टक्के लांबीचे, आळीपाळीने दोन्ही काठांना जोडलेले, वर तरंगते आणि खाली साखळीच्या वजनाने तळाला टेकलेले. खाली फट राहिली तर पाणी तिथूनच पळते. पहिला कप्पा मात्र मोठा ठेवावा. तो लहान झाला तर सगळा भार तिथेच पडतो, ऑक्सिजन संपतो आणि दुर्गंधी सुटते.

शेवाळाचे दुखणे याच्या उलट आहे: तिथे शेवटच्या तलावात पाणी गरजेपेक्षा जास्त थांबते. एरेटर असलेल्या पद्धतीत शेवटचा निवळण तलाव साधारण दोन दिवसांच्या मुक्कामापेक्षा मोठा असू नये. पुढे निवळण्याचा फायदा फारसा वाढत नाही, शेवाळ मात्र वाढते. तिथे ऊन अडवणारे तरंगते आच्छादन टाकता येते. शांत हवेत शेवाळ वरच्या थरात गोळा होते, म्हणून जावकेला दोन-तीन पातळ्यांवर तोंडे असावीत आणि त्या दिवशी जिथले पाणी स्वच्छ असेल तिथून घ्यावे. दगडी गाळणीही चांगली चालते: ८ ते २० सेंटिमीटरचे दगड, आणि दगडांच्या प्रत्येक घनमीटरमागे दिवसाला फार तर ०.३ घनमीटर पाणी. तिच्यातला ऑक्सिजन संपून वास येतो आणि अमोनिया तसाच राहतो. खालून हवा दिली तर दोन्ही आटोक्यात येतात. मोरचूद टाकून शेवाळ मारणे मात्र टाळावे. मेलेल्या पेशी फुटतात, त्यांतले द्रव्य पाण्यात विरघळते आणि बीओडी उलट वाढतो. तांबे पुढच्या जलचरांना घातक ठरते ते वेगळेच. शेवाळाने भरलेल्या पाण्यात क्लोरीन ओतल्यानेही हेच होते.

अमोनिया घालवायला, म्हणजे नायट्रिफिकेशनला, तीन गोष्टी लागतात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि ७.१ मिलिग्रॅम क्षारता (आम्ल झेलून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद) खर्च होते. म्हणजे लिटरमागे २५ मिलिग्रॅम अमोनिया घालवायचा तर जवळपास १८० मिलिग्रॅम क्षारता हवी, आणि शेवटी थोडी शिल्लक राहायला हवी, नाहीतर पीएच घसरतो आणि काम थांबते. तिसरी गोष्ट म्हणजे नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि लगूनमध्ये टिकायला त्यांना पृष्ठभाग लागतो. प्लॅस्टिकची माध्यमे टांगली तर ते त्यांवर चिकटून राहतात. थंडीत त्यांचा वेग फार मंदावतो. पाकिटातले जिवाणू टाकून यातली एकही उणीव भरून निघत नाही. सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू तर सांडपाण्यात आधीच मुबलक असतात.

एरेटर हवेत की नाही, हे पहाटेच्या मापांनी ठरवावे. सूर्य उगवण्याआधी वेगवेगळ्या खोलींवर विरघळलेला ऑक्सिजन मोजावा. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर असेल तर आणखी यंत्रांनी वीजबिलच वाढेल. कमी असेल तर यंत्रे जरूर लावावीत, पण आवकेच्या बाजूला, जिथे भार आहे. जावकेजवळचा एरेटर बसलेला गाळ पुन्हा उसळवतो.

शेवटचा मुद्दा नमुन्याच्या वेळेचा. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, पीएच ९ च्या वर जातो आणि ऑक्सिजन भरपूर दिसतो. पहाटे तेच पाणी वेगळे असते. म्हणून प्रत्येक अहवालात नमुना घेतल्याची वेळ, पाण्याचे तापमान आणि जावकेचे कोणते तोंड उघडे होते हे लिहिणे सक्तीचे करावे. आणि तलाव सुधारण्याची निविदा काढताना तिला वर्षभराच्या आतला गाळाचा नकाशा आणि रंगचाचणीचा आलेख जोडलेला असावा, अशी नियामक यंत्रणांकडे आमची मागणी आहे.

आपले,
सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवर काम करणारे अभियंते व चालक