वाफसा समजावणाऱ्या कृषी सहायक साहेबांना

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये तुम्ही आमच्या मिरचीच्या प्लॉटवर आलात, तेव्हा चार दिवसांपासून माझं ठिबक चालूच होतं. दुपारी झाडं माना टाकायची, मी आणखी पाणी सोडायचे. तुम्ही वीतभर खोलीवरची माती काढून मुठीत दाबली. चिकट, चकचकीत गोळा झाला, खाली टाकला तरी फुटेना. "ताई, झाड तहानलेलं नाही, मुळांचा श्वास कोंडलाय," म्हणालात.

काळ्या रानाला वाफसा हवा, म्हणजे मातीत ओल असावी आणि हवाही खेळती असावी, हे मी माहेरापासून ऐकत आले. का हवा, ते त्या दिवशी कळलं. मुळांवरचे केसासारखे मूलरोम पाणी आत घेतात. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि गुदमरलेल्या मुळांना पाणी नीट ओढता येत नाही. पाण्यात उभं राहून झाड सुकतं! स्वतःच्या रानात पाहिलं नसतं तर मला पटलं नसतं.

मग तुम्ही माझ्या लेकीचं बिनरंगी नेलपॉलिश मागवलंत. पानाच्या पाठीला लावून, वाळल्यावर चिकटपट्टीनं सोलून काचपट्टीवर चिकटवलंत आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलंत. घेवड्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तशा रक्षक पेशी, मधे फट. अशी कितीतरी पर्णरंध्रं. त्यांतूनच कार्बन डायऑक्साइड आत शिरतो. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के, म्हणून दारं उघडी ठेवावीच लागतात, आणि उघडी ठेवली की आतली ओल वाफ होऊन जाते. मुळांनी घेतलेलं बहुतेक पाणी असंच उडून जातं. पण त्या उडण्याच्या ओढीनंच खालचं पाणी खोडातल्या बारीक नळ्यांमधून शेंड्यापर्यंत चढतं. मोटर नाही, वीज नाही. मी कितीतरी वेळ डोळा काढलाच नाही.

कडक उन्हात पाणी पुरेना की झाड दारं मिटतं, तेव्हा अन्न करणंही मंदावतं. दुपारी मलूल दिसलेलं झाड संध्याकाळी सावरलं तर घाबरू नका, सकाळीही तसंच असेल तर मुळं पाहा, हे तुमचं सांगणं आता माझ्या जावेलाही पाठ झालंय.

पाच दिवस व्हॉल्व्ह बंद ठेवला. हात शिवशिवत होते. दोन ओळी गेल्या, बाकीचा प्लॉट उठला. परवा तिसरा तोडा झाला.

काचपट्टी माझ्याकडेच राहिलीय. लेक ती द्यायला तयार नाही, म्हणून शाळेसाठी नवी घेतली आहे.

तुमची आभारी,
एक मिरची उत्पादक