सत्तरीचं कार्ड आणि वर्षाची डोळेतपासणी

प्रिय आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की सत्तरीचं कार्ड काढलंय तर त्यावर चष्मा मिळेल का. नाही मिळणार. ते, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, 29 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात घ्यायच्या उपचारांसाठी. ओपीडीतली तपासणी, नंबर काढणं, चष्मा त्यात बसत नाही. मला हे फार खटकतं. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, कडेची नजर हळूहळू खातो आणि गेलेली नजर कुठल्याच शस्त्रक्रियेने परत येत नाही. म्हणजे सरकारी पैसा लागायला हवा तो आधीच्या तपासणीवर.

तो मार्ग मात्र आपल्याकडे आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं त्यात नाहीत, तिथे शुल्क लागू शकतं. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून घ्या. सकाळीच केसपेपर काढा. जुना चष्मा, जुना नंबराचा कागद, रोजच्या गोळ्या आणि साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत न्या.

बाबा, साखर वरखाली होत असेल तर नंबर काढूच नका. साखर वाढली की डोळ्यातलं भिंग पाणी धरतं आणि नंबर सरकतो. साखर आटोक्यात आली की तोच चष्मा चुकीचा ठरतो. काही आठवडे ती स्थिर राहू दे. डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याची तपासणी मात्र पुढे ढकलू नका. मधुमेहात ती वर्षातून एकदा, थेंब टाकून बाहुली मोठी करून व्हायला हवी. आणखी दोन गोष्टी स्वतः मागा: डोळ्याचा दाब मोजणं आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची तपासणी. दाब साधारण 10 ते 21 मिमी पाऱ्याच्या आत असतो, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दाब बरा असूनही काचबिंदू असतो, म्हणून नस बघायची. दोन्ही डोळ्यांचे आकडे कागदावर लिहून घ्या, पुढच्या वर्षी तेच तुलनेला लागतात.

आई, आठवडी बाजारातला तयार चष्मा आता नको. त्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात आणि सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेपुरता लागणारा नंबर, नसतो. तुला सिलिंडर आहे. दुकानात देताना कागदावर सिलिंडरचा नंबर आणि त्याचा अक्ष (अंशांतला कोन) दोन्ही आहेत ना ते बघ. अक्ष चुकला की फरशी तिरकी वाटते, डोकं दुखतं, आणि आपण म्हणत राहतो की सवय होईल.

चष्म्याच्या खर्चासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय 65 पूर्ण, कुटुंबाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत, एकदाच 3000 रुपये, आधार जोडलेल्या खात्यात. बाबांच्या पेन्शनमुळे आपण बहुधा बसणार नाही, पण शेजारच्या काकूंना नक्की सांगा. पैसे खर्च केल्याचं बिल दाखवावं लागतं, म्हणून दुकानदाराकडून नाव-तारखेचं पक्कं बिल घ्यायचं. नंबरच्या चष्म्यावर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे, तेही बिलात बघा.

मोतीबिंदू निघाला तर 'पिकू दे' म्हणून थांबू नका. जास्त पिकला की तो कडक होतो, फोडून काढताना बुबुळाला सूज येते, क्वचित दाबही चढतो. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आत बसवायच्या कृत्रिम भिंगासकट शस्त्रक्रिया मोफत होते. भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी मोजून ठरतो आणि लांबीत 1 मिलिमीटर चूक म्हणजे चष्म्यात अडीच-तीन नंबरांचा फरक. मोजणीच्या वेळी नजर हलवू नका. दुसऱ्या डोळ्याची लांबी बरीच वेगळी आली तर पुन्हा मोजायला सांगा.

तपासणीत बाहुली मोठी करायला टाकलेल्या थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाने डोळे दिपतात. काळा चष्मा बरोबर ठेवा, बाबांनी स्कूटर नेऊ नये. आणि दोघांनी एकाच दिवशी थेंब घालून घेऊ नका, जिना उतरताना कुणीतरी हात धरायला हवं.

तुमची,
लेक